शेजारचं झाड, आपलं छप्पर : वाचकांचे प्रश्न

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी निम्मी झाडांवरची आहेत. दरवर्षीच असं होतं, मिरग जवळ आला की माणूस घर शाकारायला शिडीवर चढतो आणि वर बघितलं की त्याला शेजारचं झाड दिसतं, जे अकरा महिने तिथंच उभं असतं पण दिसत नाही. सगळी पत्रं घेता येणार नाहीत म्हणून चार-पाच निवडलीत, आणि पहिल्याला जागा जास्त दिलीये कारण त्यात जवळपास सगळ्यांचंच दुखणं आलंय.

प्रश्न : आमच्या घरामागे गडग्याला लागून चुलत दिरांचा रायवळ आंबा आहे, आमच्या घराकडे कललेला. वय कुणालाच माहीत नाही, सासूबाई लग्न होऊन आल्या तेव्हाही एवढाच होता म्हणतात. गेल्या श्रावणात एक फांदी पडून स्वयंपाकघरावरची पन्नास-साठ मंगलोरी कौलं आणि दोन वासे गेले. बाळाचा पाळणा बाजूच्याच खोलीत असतो. दीर मुंबईला, गणपतीला आणि शिमग्याला येतात. त्यांना सांगितलं की म्हणतात, "आज्यान लावलेला झाड आसा, पडाक आला तर बघूया." आमचे हे म्हणतात भावकीत वाद नको. मी माणसं लावून झाड तोडून टाकलं तर काय होईल? आणि तक्रार करायची तर कुठे?
– मालवण तालुक्यातून

उत्तर : ताई, तोडून टाकू नका. झाडाची दया येते म्हणून नाही सांगत, तुम्ही फुकट अडकाल म्हणून सांगतोय. ग्रामपंचायत हद्दीत १९६४ चा महाराष्ट्र वृक्षतोड विनियमन कायदा लागतो आणि त्याच्या यादीत आंबा आहे. फणस, चिंच, जांभूळ, साग, खैर, ऐन, किंजळ, हिरडा, मोह, चंदन हीपण आहेत, म्हणजे आपल्या परड्यातलं अर्धं रान आलंच. यादीतलं झाड मालकालासुद्धा विनापरवाना तोडता येत नाही, तुम्ही तर मालकही नाही, मग वनखात्याचा दंड वेगळा आणि दिरांनी पोलिसात दिलेली तक्रार वेगळी, आणि गावात "हिनं आज्याचं झाड मारलं" हे जन्मभर.

पण त्याआधी एक काम करा, ते कुठलाच वकील सांगणार नाही. आज उन्हं उतरली की झाडाखाली जा आणि नीट बघा, भीती बाजूला ठेवून. झाड घराकडे कललंय, ठीक, पण कसं कललंय? बुंधा तिरका आणि वर जाऊन शेंडा सरळ झाला असेल तर तो जुना कल, झाडानं लहानपणीच उजेडासाठी मान वळवलेली असते आणि मग स्वतःला सावरून घेतलेलं असतं. अख्खं झाड खालपासून शेंड्यापर्यंत एका रेषेत तिरकं दिसत असेल तर मात्र ते अलीकडचं आहे, ते वाईट. मग घराच्या विरुद्ध बाजूची जमीन बघा, तिथं बुंध्याभोवती माती फुगलीये का, चीर पडलीये का. बुंध्याशी भुसा पडलेला दिसतोय का, तो खोडकिड्याचा. मुळांपाशी पावसात अळंबी उगवते का, उगवत असेल तर आतून कुजायला लागलंय. कोयतीच्या मुठीनं बुंधा ठोकून बघा, डफासारखा वाजला तर पोकळ आहे, आणि पोकळ म्हणजे लगेच पडणार असंही नाही बरं का, जुनी झाडं पोकळ असूनही वर्षानुवर्षं उभी असतात, पण मग जाणकाराला बोलवायला हवं. बांडगूळ किती आहे तेही बघा, त्याच्या वजनानं आणि शोषण्यानं फांद्या वाळतात, तुमची पडलेली फांदी बहुतेक तशीच असणार.

आणि एक प्रश्न, राग मानू नका. मागच्या चार-पाच वर्षांत तुम्ही घरामागे संडासची टाकी, पाण्याच्या लायनीचा चर, नवीन पडवीचा पाया असं काही खणलंय का? आपल्याकडे खाली जांभा, वर माती वीतभर नाहीतर हातभर, त्यामुळे मुळं खोल न जाता आडवी पसरतात आणि तीच झाडाला धरून ठेवतात. माझ्या आजोळी गोठ्याशेजारी फणस होता, मामानं न्हाणीघराचा पाया खणताना मांडीएवढं जाड मूळ लागलं ते कुऱ्हाडीनं तोडलं आणि वर चिरे बसवले, दोन वर्षांनी आषाढात फणस गोठ्यावर आला. सगळे म्हणाले वारा फार होता. वारा दरवर्षीच असतो. गुरं बाहेर होती म्हणून वाचली, आणि मामा आजही वाऱ्यालाच बोल लावतो.

हे सगळं बघितल्यावर बहुतेक वेळा असं निघतं की धोका झाडाचा नाही, दोन किंवा तीन फांद्यांचा आहे. आणि फांदीची गोष्ट खोडापेक्षा सोपी असते. तुमच्या हद्दीत आलेली फांदी तुम्हाला हद्दीपर्यंत छाटता येते, कोर्टांनी हे पूर्वापार मानलंय, दुसऱ्याच्या झाडाला तुमच्या छपरावर पसरायचा हक्क कितीही वर्षं झाली तरी मिळत नाही. मात्र त्यांच्या परड्यात पाय टाकायचा नाही, गडग्यापलीकडचं कापायचं नाही, झाड मरेल असं छाटायचं नाही, आणि पडलेलं लाकूड नि आंबे त्यांचे, ते रचून ठेवायचे. कायद्यात तोडणे या शब्दात झाडाला इजा करणंही धरलंय, म्हणून मोठी फांदी असेल तर आधी वनक्षेत्रपालांच्या ऑफिसात अर्ज देऊन पोच घ्या. छाटणी कोण करणार हे पण बघा. "लाकडाच्या बदल्यात फुकट तोडतो" म्हणणारा जो असतो त्याला फांदी नको असते, त्याला बुंधा हवा असतो, त्यामुळे त्याच्या मते जगातलं प्रत्येक झाड आज रात्रीच पडणार असतं. मजुरी देऊन माणूस लावा, घराकडच्या फांदीचं टोकाचं वजन कमी करायला सांगा, आणि शेंडा अजिबात मारायला देऊ नका, शेंडा मारला की त्याच जागी भाराभर कोवळे फोक येतात आणि ते पुढच्या वादळात पहिले मोडतात. आंबे उतरले की पाऊस लागायच्या आत हे उरकायचं.

आता दीर. तुम्ही दहा वेळा सांगितलंत पण सगळं तोंडी, गणपतीत मोदक वाढताना. ते कुठेच लागत नाही. एक पानभर पत्र लिहा, साध्या मराठीत, तारीख घाला, झाड कुठे आहे, मागच्या श्रावणात काय पडलं, किती नुकसान झालं, आत्ता काय दिसतंय, आणि इतक्या दिवसांत छाटणी करा किंवा मला करू द्या. फोटो जोडा, त्यांच्या मुंबईच्या पत्त्यावर स्पीड पोस्टानं पाठवा आणि पावती जपून ठेवा. व्हॉट्सॲपवरही टाका, पण पावती महत्त्वाची. कारण असं की उद्या झाड पडलंच तर मालक म्हणणार ही देवाची करणी, वादळ होतं, मी काय करू. आणि अचानक पडलं असेल तर ते खरंही असतं. पण धोका आहे हे लेखी कळवलेलं असताना त्यानं काहीच केलं नाही, मग ती देवाची करणी राहत नाही, तो हलगर्जीपणा होतो आणि भरपाई मागता येते. अर्ध्या लोकांना नुसतं पत्र गेलं तरी जाग येते हा माझा अनुभव आहे, उरलेल्या अर्ध्यांना राग येतो, पण तेही छाटतात.

नाहीच केलं तर तहसीलदार किंवा प्रांत. फौजदारी प्रक्रिया संहितेचं जुनं १३३ कलम, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं १५२, त्यात झाडाचं अगदी नाव घेऊन लिहिलंय. एखादं झाड पडण्याच्या अवस्थेत असेल आणि शेजारी राहणाऱ्याला किंवा येणाऱ्याजाणाऱ्याला इजा व्हायचा संभव असेल तर कार्यकारी दंडाधिकारी मालकाला ते काढायचा किंवा त्याला आधार द्यायचा हुकूम देऊ शकतो. आधार द्यायचा हेपण कायद्यातच आहे, हे मला फार आवडतं, आणि कुणी वाचत नाही. टेकू लावून, तारेनं बांधून झाड राहत असेल तर तोही मार्ग आहे. अर्जासोबत फोटो, पत्राची पावती आणि ग्रामपंचायतीचं पत्र जोडा.

आणि अख्खं झाड काढायचंच ठरलं तर परवानगीचा अर्ज मालकानं करायचा. जीविताला किंवा मालमत्तेला धोका असेल तर परवानगी नाकारायची नाही असं त्या १९६४ च्या कायद्यातच म्हटलंय, तेव्हा अडचण कायद्याची नसते, सातबाऱ्याची असते. उतारा काढून बघा, सामायिक असेल तर दीर एकटे मालक नाहीत, आणखी अकरा नावं निघतील, त्यातली चार वारलेली, दोन नालासोपाऱ्याला आणि एक कुठे आहे कुणालाच माहीत नाही. जमीन एकाची आणि झाड दुसऱ्याचं असंही आपल्याकडे असतं. म्हणून सांगतो, फांदीवर भागत असेल तर खोडाच्या नादी लागू नका, कारण फांदी मे महिन्यात सुटेल आणि खोड पुढच्या पिढीत. तुमच्या यजमानांना हे दाखवा. खर्च अर्धा-अर्धा करतो म्हटलं तर दीर फोनवर हो म्हणतील असं मला वाटतं, त्यांना झाड हवंय, भांडण त्यांनाही नकोय. तरी पाळणा मात्र आजच पुढच्या खोलीत हलवा.

प्रश्न : आमची दिवेआगरला नारळ-सुपारीची वाडी. निसर्ग वादळात निम्मी गेली, जी उरली त्यातले पाच माड हद्दीजवळ आहेत. शेजारच्या प्लॉटवर तीन वर्षांपूर्वी होमस्टे झाला. आता मालक म्हणतो पाचही माड तोडा, गेस्टच्या गाडीवर नारळ पडतात, माड वाकडे आहेत, पडतील. माड आधीचे, तो नंतर आला. मी का तोडू?

उत्तर : दादा, तुमचं दुःख कळतं. ३ जून २०२० ला जे गेलं ते उभं करायला किती वर्षं लागतात ते वाडीवाल्यालाच ठाऊक, आणि लगेच पुढच्या मे महिन्यात तौक्ते आलं. पण "तो नंतर आला" हा मुद्दा तुम्हाला वाटतो तितका चालत नाही. शेजारी उशिरा राहायला आला म्हणून त्याच्या डोक्यावर नारळ पडू द्यायचा हक्क कुणालाच मिळत नाही, कोर्टात हा बचाव टिकत नाही. तेव्हा त्यावर अडून बसू नका, खरा मुद्दा वेगळाच आहे आणि तो तुमच्या बाजूचा आहे.

वाकडा माड म्हणजे पडका माड नव्हे. किनाऱ्यावरचा माड उजेडाकडे झुकत वाढतो आणि त्याची मुळं, सोटमूळ नसलेली, दोरीच्या झुबक्यासारखी हजारो, ती वाकलेलं खोड पन्नास वर्षं धरून ठेवतात. उलट सरळसोट दिसणारा माड आतून खाल्लेला असू शकतो. २०१७ च्या जुलैत मुंबईत चेंबूरला सकाळी फिरायला निघालेल्या एका बाईंच्या अंगावर माड कोसळला, त्या गेल्या, आणि त्या माडाबद्दल आधी तक्रार झालेली होती, तरी तपासून ठीक आहे म्हणून तो ठेवलेला. म्हणून कल बघू नका, खोड बघा. सोंड्या भुंग्यानं धरलेल्या माडाला खोडावर भोकं दिसतात, त्यातून तांबूस चिकट पाणी येतं, चघळलेला चोथा बाहेर पडतो, खोडाला कान लावला तर आतली कुरतड ऐकूसुद्धा येते. हे दिसलं आणि झावळ्या मलूल झाल्या असतील तर तो माड वाचवायच्या भानगडीत न पडता काढा, नाहीतर तो होमस्टेवर नंतर पडेल, त्याआधी भुंगा तुमच्या बाकीच्या माडांत जाईल. गेंड्या भुंगा वेगळा, तो शेंड्यात कोंब खातो, झावळी कात्रीनं कापल्यासारखी त्रिकोणी दिसते, त्यावर इलाज होतो. शंका असेल तर रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या नारळ संशोधन केंद्राला विचारा, फोटो घेऊन गेलात तरी सांगतील.

आणि माडाची छाटणी नसते हे त्या होमस्टेवाल्याला समजावून सांगा. तो म्हणेल वरून दहा फूट कापा. माडाला एकच कोंब, तो गेला की माड मेला आणि मेलेला माड वर्षा-दोन वर्षांत कुजून कुठेही पडतो, म्हणजे त्यानं मागितलं तेच धोक्याचं. तुमच्याकडून करण्यासारखं एवढंच की ठरल्याप्रमाणे पाडप करायची, सुके नारळ आणि लोंबणाऱ्या झावळ्या ठेवायच्या नाहीत, हद्दीवरच्या दोन माडांना जाळी बांधायची. गाड्या माडाखाली लावू नका हे त्यानं त्याच्या गेस्टला सांगायचं. माड १९६४ च्या यादीत नाही, त्यामुळे एखादा काढायचा झालाच तर त्या कायद्याची परवानगी आड येत नाही, पण नगर परिषद हद्दीतल्या वाचकांनी हे स्वतःला लावून घेऊ नये, तिथं वेगळा कायदा आहे, खाली आलाय. एक काढा, चार ठेवा, आणि तेसुद्धा खोड बघून.

प्रश्न : रत्नागिरी शहरात आमची १९९४ ची सोसायटी. कंपाउंडमधला गुलमोहर धोकादायक झालाय, मुळांमुळे पेव्हर ब्लॉक उचलले गेलेत. काही सभासद भावनिक विरोध करतात. झाड काढलं तर तीन गाड्यांची पार्किंगपण होईल. प्रोसिजर सांगावी.

उत्तर : सेक्रेटरीसाहेब, शेवटून दुसरं वाक्य पहिलं लिहायला हवं होतंत. असो. शहरात १९७५ चा झाडांच्या जतनाचा कायदा, नगर परिषदेच्या वृक्ष अधिकाऱ्याकडे अर्ज, झाडावर नोटीस लागते, हरकती मागवतात, तेव्हा ते भावनिक सभासद तिथं लेखी हरकत घेऊ शकतात आणि घ्यावी. २०२१ च्या दुरुस्तीपासून पन्नास वर्षांवरचं झाड हेरिटेज धरतात, तुमचं त्यात बसत नाही, पण त्याच दुरुस्तीत असंही आहे की तोडलेल्या झाडाचं वय जेवढी वर्षं तेवढी नवी झाडं लावायची. तीस झाडं तुम्ही त्या तीन गाड्यांच्या जागेत कशी लावताय ते मला बघायला आवडेल.

गुलमोहराची बाजू मी घेणार नाही, तो मादागास्करचा पाहुणा, लाकूड ठिसूळ, मुळं उथळ, आपल्या पावसाला तसा कच्चाच. पण तुमच्या गुलमोहराला कच्चं केलंय त्या पेव्हर ब्लॉकनी, बुंध्याला चिकटवून बसवलेत ना? पाणी नाही, हवा नाही, मूळ वर येणारच. ब्लॉक चारी बाजूंनी चार-चार फूट काढा, वाळक्या फांद्या परवानगी घेऊन उतरवा आणि दोन पावसाळे बघा.

प्रश्न : संगमेश्वर तालुक्यात आमच्या गावात देवळाजवळचा वड अंगणवाडीच्या पत्र्यावर आलाय. फांदीला भेग आहे. तरुण मुलं म्हणतात कापा, जाणती माणसं म्हणतात देवाचं झाड आहे, कौल लावल्याशिवाय हात लावायचा नाही. मी ग्रामपंचायत सदस्य आहे, दोन्हीकडून शिव्या.

उत्तर : कौल लावा की, त्यात बिघडलं काय? फक्त वड तोडू का असं विचारू नका, भेगेची फांदी उतरवू का असं विचारा, गाऱ्हाणं घालताना पोरांची गोष्ट घाला. देव पोरांच्या विरुद्ध कौल देत नाही, निदान मी तरी ऐकलेलं नाही. तोपर्यंत अंगणवाडी समाजमंदिरात भरवा, त्यासाठी कुणाचीच परवानगी लागत नाही आणि खरं तर भेग दिसली त्याच दिवशी हे व्हायला हवं होतं. जागा देवस्थानची की सरकारी ते उताऱ्यावर बघून त्या मालकाचं पत्र घ्या, वड १९६४ च्या यादीत नसला तरी दुसऱ्याच्या जागेतलं झाड म्हणून.

उरलेल्या वडाला मात्र आधार द्या, आणि वड हे झाडच असं आहे की जे स्वतःचे खांब स्वतः बनवतं. भार आलेल्या फांदीच्या कोवळ्या पारंब्या निवडून पोकळ बांबूत किंवा पाइपात माती-शेणखत भरून त्यातून जमिनीपर्यंत न्यायच्या, जमिनीला लागली की पारंबी जाड होते, काही वर्षांत खांबच. कोलकात्याजवळच्या हावड्याच्या बोटॅनिकल गार्डनमधल्या मोठ्या वडाचा मूळ बुंधा १९२५ मध्ये कुजला म्हणून काढून टाकला, तो वड अजून पारंब्यांवर उभा आहे, पसरतोय. जाणत्या माणसांना हे सांगा, तरुणांना बांबू तोडायला पाठवा.

प्रश्न : लांजा. शेजाऱ्याचा आंबा परवाच्या वाऱ्यात आमच्या पडवीवर पडला. तो म्हणतो लाकूड माझं, मी म्हणतो आधी पडवी भरून दे. झाड अजून तसंच आहे. आता काय?

उत्तर : लाकूड त्याचंच. पण उचलायची घाई कुणीच करू नका, आधी सगळ्या बाजूंनी फोटो, मग तलाठ्याला कळवून पंचनामा, दोन शेजाऱ्यांच्या सह्या. पंचनाम्यात मुळं कुजलेली होती की धडधाकट होती हे लिहून घ्या, सगळं त्याच्यावर अवलंबून आहे, बुंधा उचलल्यावर ते कुणी सांगू शकणार नाही. वीजवाहिनी तुटली असेल तर महावितरणचा माणूस येऊन लाइन बंद केल्याशिवाय झाडाला हात लावायचा नाही, ओल्या झाडातून करंट येतो. लेखी कळवलेलं नव्हतंत असं पत्रावरून दिसतंय, मग भरपाईचा दावा अवघड आहे पण संपलेला नाही, पडवीचा खर्च आणि लाकडाची किंमत समोरासमोर मांडून तंटामुक्ती समितीत बसा, बहुतेक तिथंच तुटेल. आणि त्यानं लाकूड बाहेर विकायला टेम्पो बोलावला तर वाहतुकीचा पास लागतो का ते आधी वनखात्यात विचारायला सांगा, नाहीतर नाक्यावर अडकलेला टेम्पो सोडवायला तो तुमच्याकडेच सही मागायला येईल.